भजनी नास्तिक

देव न मानणारी माणसं महाराष्ट्रात दोन प्रकारची. पहिला प्रकार कोरडा. तो देवळात जात नाही, कीर्तनाला बसत नाही, आणि शेजारी कुणी अभंग लावला तर 'जरा आवाज कमी करता का' म्हणून बेल वाजवतो. त्याचा कुणाला त्रास नाही आणि त्याच्यावर लिहावं असंही त्याच्यात काही नाही. दुसरा प्रकार ओला. देवळात हाही जात नाही. पण आत भजन रंगात आलं असेल तर देवळाच्या भिंतीला बाहेरून टेकून उभा राहतो आणि गजर थांबेपर्यंत हलत नाही. कुणी ओळखीचं दिसलंच तर चष्मा काढून पुसू लागतो. हा भजनी नास्तिक.

हा बहुतेक वेळा निवृत्त प्राध्यापक असतो, क्वचित बँकेतला. जन्म पेठेतला, मुक्काम कोथरूडचा. आमच्या सोसायटीतले सर हा या जातीचा अव्वल नमुना. त्यांचं नाव मी सांगत नाही, कारण ते थेट विष्णुसहस्रनामातून उचललेलं आहे आणि त्याबद्दल त्यांनी आईवडिलांना अजून माफ केलेलं नाही. चाळीसेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. दिवाणखान्यात आगरकरांचा फोटो आहे. त्याला हार नाही. हार घातला की पूजा झाली, हा सरांचा नियम. मात्र दर १४ जुलैला, आगरकरांच्या जन्मदिवशी, सर तो फोटो खाली उतरवतात, ओल्या फडक्याने पुसतात, मग कोरड्याने पुसतात, परत जागेवर लावतात आणि समोर दोन मिनिटं उभे राहतात. काकू आतून विचारतात, "झाला का अभिषेक? चहा टाकते."

फोटोखाली कपाट. वरच्या कप्प्यात र. धों. कर्वे, कुरुंदकर, दाभोलकर. खालच्या कप्प्यांत कॅसेटी आणि सीड्या, सरांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या लावून विषयवार रचलेल्या. 'भक्तिगीते' हा विषय त्या कपाटात नाही. भीमसेन जोशींची संतवाणी 'मध्ययुगीन मराठी काव्य (गायन)' या चिठ्ठीखाली आहे. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं 'तत्त्वज्ञान' या सदरात. किशोरी आमोणकरांनी गायलेला सोयराबाईंचा अभंग 'जातिव्यवस्था व स्त्रीप्रश्न' इथे. लताबाई आणि भीमसेनांचं 'राम श्याम गुणगान' मात्र कुठेच बसेना, म्हणून ते 'इतर' मध्ये गेलं. कपाटात सगळ्यात झिजलेली चिठ्ठी 'इतर'ची आहे.

गणपतीची वर्गणी सर देतात; पण पावतीवर 'सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी' असं लिहून घेतल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. आरतीच्या वेळी मांडवाच्या बाहेर, हात मागे बांधून उभे. हात बांधलेले असले तरी उजव्या पायाचा अंगठा चपलेत ठेका धरतोच. एखादं पोर झांज चुकीच्या मात्रेवर वाजवायला लागलं की सरांचा चेहरा पिळवटतो. एका वर्षी त्यांना राहवलं नाही. ते आत शिरले, पोराच्या हातून झांज घेतली आणि सगळ्या आरत्या संपेपर्यंत स्वतः वाजवली. खाली उतरल्यावर म्हणाले, "लय ही निसर्गातली गोष्ट आहे. तिचा मूर्तीशी काही संबंध नाही." प्रसादाला नकार दिल्याचं मात्र आठवत नाही. शिऱ्याला धर्म नसतो.

आता मूळ प्रश्न. जो देवच मानत नाही त्याला देवाच्या गाण्याने हुंदका का यावा? हा प्रश्न खरं तर कुणी विचारलेला नसतो. सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला पुढच्या अभंगाची वाट असते. सरांच्या डोळ्यांत काय चाललंय याची त्याला फिकीर नसते. पण सर स्वतःहून खुलासा करतात. भजनी नास्तिक ओळखायची खरी खूण रडणं ही नव्हे, रडण्यानंतरचा हा खुलासा.

खुलाशांची त्यांच्याकडे चळत आहे. सगळ्यात जुना स्वरांचा. "मी शब्दांना रडत नाही, स्वरांना रडतो. मालकंस आहे, अहिर भैरव आहे. त्यात देव कुठे आहे?" 'बैजू बावरा' हे त्यांचं आवडतं उदाहरण. १९५२ सालचा सिनेमा. त्यातलं हरिदर्शनासाठी तळमळणारं भजन लिहिलं शकील बदायुनींनी, चाल नौशादांची, गायलं रफींनी, आणि राग मालकंस. "तिघांत हरीचा भक्त कोण होता, सांगा!" यावर सरांच्या पुतण्याने एक प्रयोग केला. मुलगा बऱ्यापैकी गातो. त्याने त्याच चालीत, त्याच हरकती घेऊन, सोसायटीची पाणीकपातीची नोटीस गाऊन दाखवली. सर शांतपणे ऐकत होते. डोळे कोरडे. शेवटी म्हणाले, "निषाद जरा उतरला." त्या दिवसापासून स्वरांचा मुद्दा जरा मागे पडला.

मग सामाजिक आशय आला. संत म्हणजे बंडखोर, तुकोबा म्हणजे व्यवस्थेवर आसूड, चोखोबा म्हणजे जळता प्रश्न. हे सगळं खरं आहे आणि सर ते फार चांगलं सांगतात. त्यांनी या विषयावर दिलेली व्याख्यानं मी ऐकली आहेत. अडचण एवढीच की आसुडाच्या अभंगांना सर नुसती मान डोलावतात. रडतात ते भलतीकडेच. भीमसेन एकट्या विठ्ठलाच्या नावावर थांबतात, तेच नाव वरून घेतात, खालून घेतात, खर्जात नेऊन ठेवतात, मग तारसप्तकात फेकतात, आणि त्यात सामाजिक आशय औषधालाही नसतो, तेव्हा सरांचा रुमाल बाहेर येतो. बरं, भीमसेन गदगचे, मातृभाषा कानडी. पुरंदरदासांच्या कानडी रचनाही ते गायचे. सरांना कानडीचं अक्षर कळत नाही. तिथेही रुमाल.

त्यानंतर विज्ञान. कॅनडात मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक निबंध प्रसिद्ध केला. आवडीचं संगीत ऐकताना अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामाइन सुटतं, हे त्यांनी दाखवलं. त्यातही गंमत अशी की तो क्षण येणार येणार म्हणून वाट पाहताना मेंदूचा एक भाग जागा होतो आणि तो प्रत्यक्ष आला की दुसरा. सर उड्या मारायचे बाकी राहिले. "म्हणजे समेची वाट पाहण्याची जागा वेगळी आणि समेची वेगळी! आपल्या तबलजींना हे केव्हापासून ठाऊक आहे." खुलासा खरोखर देखणा होता. काकूंनी तो भाजी निवडता निवडता पूर्ण ऐकला आणि म्हणाल्या, "बरं, पाणी कुठल्या नळातून येतं ते कळलं. नळ कोण सोडतं?"

काकूंबद्दल सांगायलाच हवं. काकू सश्रद्ध. रोज पूजा, संध्याकाळी हरिपाठ, दोन्ही एकादश्या, चतुर्थी. आणि काकूंना गाण्यात काडीचा रस नाही. आषाढीच्या सुमाराला संतवाणीचा कार्यक्रम असला की सर दोन तिकिटं काढतात. पखवाजावर थाप पडते, गायक डोळे मिटतो, सर डोळे मिटतात, आणि काकूही डोळे मिटतात. फरक इतकाच की काकू घोरतात. मध्यंतरात बटाटेवडा खाऊन ताज्या होतात आणि उत्तरार्धात पुन्हा झोपतात. घरी येताना रिक्षात सर गप्प असतात, काकू उद्याच्या साबुदाण्याचा हिशोब करत असतात. देवावर विश्वास असलेल्या माणसाला देवाचं गाणं ऐकून काही होत नाही आणि विश्वास नसलेला घायाळ होऊन परततो, हे दृश्य ज्याने पाहिलं त्याने 'भक्तिसंगीत कळायला भक्ती लागते' असलं काही बोलू नये. काकूंना देव पुरतो. गाणं लागत नाही. सरांचं नेमकं उलट.

सोसायटीतले नाना मात्र हे मानायला तयार नाहीत. ते दर वर्षी वारीचा एखादा टप्पा चालतात आणि सरांना गाठून म्हणतात, "सर, तुम्ही आतून आस्तिकच. तुम्हाला कळत नाही एवढंच." सरांना शिवी दिली तर ते हसतील, पण हे वाक्य त्यांना सहन होत नाही. "नाना, तुम्ही भुताच्या सिनेमात किंचाळता. म्हणून भूत असतं का?" उत्तर चोख आहे. नाना निरुत्तर होतात; पण आस्तिक माणूस निरुत्तर झाला तरी हरत नाही. तो नुसता गालात हसतो आणि बुक्क्याची पुडी पुढे करतो.

नानांसाठीच सरांनी नाटकाचा मुद्दा तयार केला, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या मुद्द्यांत तोच सर्वांत दमदार. "१९१९ साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं. सिंधूच्या कामात बालगंधर्व. समोर लुगडं नेसलेला पुरुष आहे हे पिटातल्या शेवटच्या माणसालाही माहीत होतं. तरी लोक ढसाढसा रडले. सिंधू आहे असं मानून रडले का? मग विठ्ठल आहे असं न मानता मी का रडू नये?" पुढे ते भरतमुनींनाही साक्षीला काढतात. नाट्यशास्त्रात रस आठ. शांत नंतर मिळाला. भक्तिरसाला तर मोठं आसन दिलं ते सोळाव्या शतकात रूपगोस्वामींनी. "म्हणजे भरताच्या यादीत भक्ती नव्हतीच. होती ती रती, होता तो शोक, होता तो विस्मय. ते माझ्याकडेही आहेत. देव नसला म्हणून काय झालं?" यावर नाना पहिल्यांदाच काहीतरी बोलले. "सर, नाटक सुटल्यावर सिंधूला भेटायला पंढरपूरला कुणी चालत जात नाही." दोघंही बराच वेळ गप्प होते. मला विचाराल तर हा सामना बरोबरीत सुटला.

दुसरीकडे सरांची स्वतःची माणसं. दर महिन्याला त्यांचं विवेकवादी अभ्यासमंडळ भरतं. तिथे तरुण सभासद फार कडक. "सर, तुम्ही परवा संतवाणीला होतात म्हणे? पहिल्या रांगेत?" सर म्हणतात, "निरीक्षणासाठी." त्यांनी मग या मंडळींसाठी पूर्वसूरींची यादीच केली. नास्तिक म्हणून प्रसिद्ध असलेल्या साहिरने १९६१च्या 'हम दोनो'साठी जयदेवच्या चालीवरचं जे प्रार्थनागीत लिहिलं, ते आज शाळांतून म्हणतात. जावेद अख्तर उघड नास्तिक. २००१च्या 'लगान'मधलं भजन त्यांच्याच लेखणीचं, आणि २०२०चा रिचर्ड डॉकिन्सच्या नावाचा पुरस्कारही त्यांनाच. इटलीतला व्हेर्दी चर्चच्या वाटेला फारसा न जाणारा. त्याने १८७४ साली मृतात्म्यांसाठीची अशी प्रार्थना रचली की श्रद्धाळूंची बोबडी वळावी. इंग्लंडचा व्हॉन विल्यम्स तर स्वतः अश्रद्ध, आणि १९०६च्या इंग्लिश स्तोत्रसंग्रहाचा संगीत-संपादक! यादीत बाखही होता, पण तो पक्का धार्मिक निघाला. रचना संपली की खाली 'केवळ देवाच्या गौरवासाठी' या अर्थाची लॅटिन अक्षरं लिहायचा. सर म्हणाले, "ती त्याची सही आहे. माझी पावती नव्हे."

घरच्या मालाविषयीही त्यांच्याकडे पुरावे आहेत. 'इंद्रायणी काठी' हे भीमसेनांनी अजरामर केलेलं गीत अनेकांना संतरचना वाटतं. ते १९५३च्या 'गुळाचा गणपती' या सिनेमासाठी गदिमांनी लिहिलं, चाल पु. लं.ची. प्रभातच्या १९३६च्या 'संत तुकाराम'मधला एक अभंग तर इतका अस्सल उतरला की लोक तो गाथेत शोधू लागले. लिहिला होता शांताराम आठवल्यांनी. "म्हणजे बघा, सिनेमावाल्यांच्या मागणीनुसार भक्ती तयार करता येते. ही कारागिरी आहे." काकू म्हणाल्या, "मग तुम्ही रडता ते कुणाच्या मागणीनुसार?"

सरांचा लाडका पूर्वसूरी डार्विन. केंब्रिजला असताना तो किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये स्तोत्रगायन ऐकायला जाई आणि त्याच्या पाठीच्या कण्यातून शिरशिरी जाई. कधी कधी तर गायक पोरांना पैसे देऊन खोलीवर गायला बोलवी. हे त्याने आत्मचरित्रात स्वतः लिहिलंय. सर इथवर सांगून थांबतात. पुढची हकिगत अशी की त्या वेळी डार्विन धर्मोपदेशक व्हायच्या तयारीने शिकत होता. देव सुटायचा होता. आणि म्हातारपणी तो अज्ञेयवादी झाला तेव्हा संगीतातली गोडीही बरीचशी गेली होती. अर्थात त्याचं खापर त्याने श्रद्धेवर फोडलं नाही. आयुष्यभर तथ्यांतून नियम दळत बसल्याने मेंदूचा तो भाग वाळला, असं त्याला वाटलं. पुन्हा जन्म मिळाला तर आठवड्यातून एकदा तरी कविता आणि संगीत असा नियम करीन, असंही त्याने लिहून ठेवलं. हा उतारा वाचल्यापासून सर धास्तावले आहेत. डार्विनने आठवड्यातून एकदा सांगितलं, सर रोज ऐकतात. पहाटे पाचला, आंघोळ करून, खिडकीपाशी, ठरलेल्या खुर्चीत. काकू याला व्रत म्हणतात. सर शब्द बदलायला सांगतात.

सर्वांत अवघड प्रसंग महिला भजनी मंडळाचा. सोसायटीतल्या बायका एकादशीला खालच्या हॉलमध्ये बसतात. एकदा सर जिना उतरता उतरता थांबले आणि दारातूनच म्हणाले, "पेटी काळी चारला आहे आणि तुम्ही गाताय पांढरी चारला." पुढच्या एकादशीला ते हॉलमध्ये होते. त्याच्या पुढच्या एकादशीला बायका त्यांची वाट पाहत होत्या. टाळ कुठे दाबायचा, कुठे मोकळा सोडायचा, रूपाच्या अभंगाला घाई का करायची नाही, गवळण किती खेळकर हवी, हे सगळं सर शिकवू लागले. एका बाईंनी विठ्ठलाचं नाव घाईत उरकलं तेव्हा ते ताडकन म्हणाले, "विठ्ठल नाहीच आहे, पण घ्यायचं तर नाव नीट घ्या!" मंडळाला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. मार्गदर्शक म्हणून सरांना व्यासपीठावर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला आणि विठोबाची वीतभर मूर्ती दिली. शाल ते थंडीत वापरतात. नारळाच्या वड्या झाल्या. मूर्ती कपाटात 'इतर' मध्ये आहे.

पालखीच्या दिवसांतही सर घरी नसतात. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते, त्या दिवशी ते 'समाजशास्त्रीय निरीक्षणा'साठी वही घेऊन जातात. मीही एकदा सोबत होतो. डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी गर्दीतून आली, सरांना 'माउली' म्हणाली आणि त्यांच्या पाया पडली. पाया पडून घेणं सरांच्या तत्त्वात बसत नाही, पडणं तर नाहीच. तरी ते वाकले, तिच्या पायांना हात लावला आणि उठताना मला म्हणाले, "वारकऱ्यांत हे परस्पर असतं. समतेचं तत्त्व आहे." वहीत त्या दिवशी काही लिहिलं नाही.

मला सरांच्या रडण्यात ढोंग कधीच दिसलं नाही. ढोंग असलंच तर ते खुलाशात आहे, आणि तेही निरुपद्रवी. त्यांची आजी जात्यावर ओव्या म्हणायची, असं त्यांच्या धाकट्या बहिणीकडून मला कळलं. स्वतः सरांनी हा खुलासा कधी दिला नाही. तो सगळ्यांत पटण्यासारखा आहे म्हणूनच दिला नसावा. अर्थात तोही पुरा पडत नाही. आजीच्या ओव्यांत बाख नव्हता. शेजारच्याच जात्यावरच्या ओव्या ऐकलेला तो कोरडा नास्तिक आजही बेल वाजवतो. आणि काकूंच्या आजीने तर म्हणे हजारभर ओव्या पाठ केल्या होत्या.

तेव्हा संतवाणीच्या कार्यक्रमात तुमच्या शेजारी असा कुणी गृहस्थ बसला, पहिल्या आलापीलाच चष्मा काढून पुसू लागला, तर एवढीच विनंती आहे: मध्यंतरात त्याला 'मग देव आहे की नाही?' असं विचारू नका. तो उत्तर देईल. डोपामाइनपासून रूपगोस्वामींपर्यंत सगळं देईल, आणि त्या नादात उत्तरार्धातला पहिला अभंग तुमचाही बुडेल आणि त्याचाही. फारच वाटलं तर बटाटेवडा विचारा. तो नाही म्हणणार नाही.